खलिता आणि मतपेटी



आजच्या व्याख्यानाचा विषय 'निवडणुका आणि परराष्ट्रनीती' असा फलकावर लिहिलेला आपण वाचला असेल. एवढ्या ऐसपैस नावाखाली वक्त्याने वॉशिंग्टनपासून पेकिंगपर्यंत सगळी प्रदक्षिणा घालावी अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही तसे करणार नाही. एका तासात सगळे जग सांगू पाहणारा वक्ता कोठलेच गाव नीट दाखवीत नाही, असा आमचा श्रोता या नात्याने अनुभव आहे. म्हणून आज एकाच देशाची, एकाच निवडणुकीची आणि खरे म्हणजे एकाच पत्राची हकीकत सांगण्याचे आम्ही ठरविले आहे. देश फिनलंड, निवडणूक १९६२ सालच्या जानेवारीतली राष्ट्राध्यक्षाची, आणि पत्र मॉस्कोत ३० ऑक्टोबर १९६१ रोजी फिनलंडच्या वकिलाच्या हाती ठेवण्यात आलेले. वसंतातल्या या उकाड्यात बर्फाच्या देशाची गोष्ट ऐकायला कोणाची हरकत नसावी.

फिनलंडच का, असे कोणी विचारील. बलाढ्य राष्ट्रांचे भांडण जुंपले म्हणजे त्याची झळ निवडणुकांना कशी लागते हे मोठ्या देशांत नीट दिसत नाही. तेथे उमेदवार परराष्ट्रनीतीवर गर्जना करतात, लोक टाळ्या वाजवितात आणि मते बहुधा महागाईवर पडतात. लहान देशाची गोष्ट वेगळी. तेथे मतदार मतपेटीपाशी जातो तेव्हा त्याच्या खांद्यावरून दुसरे कोणी डोकावत असते. आपल्याला कोण हवा, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे नसतो. आपण ज्याला निवडू तो शेजाऱ्याला चालेल का, हाही प्रश्न त्याच्या मनात असतो. हा दुसरा प्रश्न मनात आणणे शहाणपणाचे की शरणागतीचे, यावर फिनलंडमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. आम्हांला वाटते, तो वाद ऐकण्यासारखा आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणा. १९३९ साली फिनलंडची सरहद्द लेनिनग्राड शहरापासून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर होती. स्टालिनला ती फार जवळ वाटली. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी लाल सेना फिनलंडमध्ये घुसली आणि १३ मार्च १९४० पर्यंत, म्हणजे १०५ दिवस, ते चिमुकले राष्ट्र एकाकी लढले. पुढे १९४१ मध्ये जर्मनीच्या बरोबरीने फिनलंड पुन्हा युद्धात उतरले आणि १९४४ च्या सप्टेंबरात त्याला शस्त्रसंधी करावा लागला. हिशेब भारी होता. सुमारे एकदशांश मुलूख गेला. चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या देशात आली आणि त्यांना जमिनी वाटून बसवावे लागले. तीस कोटी डॉलर्सची खंडणी जहाजांच्या, यंत्रांच्या व लाकडी मालाच्या रूपाने भरावी लागली, ती १९५२ पर्यंत पुरती फेडली गेली. राजधानीच्या अगदी कुशीतला पोर्क्कालाचा प्रदेश रशियन नाविक तळासाठी पन्नास वर्षांच्या पट्ट्याने द्यावा लागला. मात्र एक गोष्ट घडली नाही. हेलसिंकीत परकी फौज शिरली नाही. बाकीच्या पूर्व युरोपची आणि फिनलंडची वाट जेथे वेगळी होते ती जागा हीच, आणि पुढचे सारे राजकारण तेवढ्या एका गोष्टीच्या भांडवलावर चालले.

हे भांडवल सांभाळणारा पहिला माणूस म्हणजे युहो कुस्ती पासिकिवी. हा वृद्ध, चिडका, हिशेबी मुत्सद्दी १९४६ ते १९५६ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होता. त्याचे म्हणणे साधे होते. देशाला भूगोल बदलता येत नाही. रशियाला फिनलंडच्या जंगलांची हाव नाही, त्याला आपल्या लेनिनग्राडची काळजी आहे. तेव्हा ती काळजी मिटवा आणि घरात आपले राज्य आपल्या कायद्याने चालवा. फेब्रुवारी १९४८ मध्ये स्टालिनने तहाची मागणी केली. त्याच महिन्यात प्राग शहरी साम्यवाद्यांनी सत्ता हस्तगत केली होती, त्यामुळे फिनलंडमध्ये किती धडकी भरली असेल याची कल्पना करा. तह ६ एप्रिल १९४८ रोजी झाला. त्याचा मथितार्थ असा की, जर्मनीने किंवा तिच्या साथीदाराने फिनलंडवर किंवा फिनलंडमार्गे रशियावर हल्ला केला तर फिनलंड आपल्या भूमीवर लढेल, लागल्यास रशियाची मदत घेईल; आणि असा धोका दिसू लागला तर दोघांनी विचारविनिमय करावा. हा 'विचारविनिमय' शब्द आपण लक्षात ठेवा. तहातला तो निरुपद्रवी शब्द तेरा वर्षे झोपून राहिला आणि मग उठला.

तहावर सह्या झाल्या आणि तीन महिन्यांनी, जुलै १९४८ मध्ये, संसदेच्या निवडणुका आल्या. साम्यवादी आघाडीच्या ४९ जागा होत्या, त्या ३८ वर आल्या. नवे मंत्रिमंडळ साम्यवाद्यांना वगळून बनले. म्हणजे ज्या शेजाऱ्याशी एप्रिलात हातमिळवणी केली त्याच्याच मित्रपक्षाला जुलैत मतदारांनी खाली बसविले, आणि शेजाऱ्याने ते सोसले. पासिकिवीचा हिशेब त्या वेळी तरी बरोबर निघाला, असे म्हणणे प्राप्त आहे.

आता राष्ट्राध्यक्षपदाविषयी दोन शब्द. १९१९ च्या घटनेने परराष्ट्रव्यवहार राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिला होता. त्याची निवड लोक थेट करीत नसत. लोकांनी ३०० निर्वाचक निवडायचे आणि त्यांनी सहा वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडायचा. १९५६ साली शेवटच्या फेरीत दोघे उरले. समाजवादी लोकशाही पक्षाचे फागेरहोल्म आणि शेतकरी संघाचे ऊर्हो केक्कोनेन. मते पडली १४९ आणि १५१. केक्कोनेन निवडून आले. ते एक वाढीव मत कोणी टाकले याची चर्चा फिनलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रंगली. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या सामन्यातला झेल सुटला की टिपला याची जशी रंगते तशी.

केक्कोनेन हे प्रकरण मोठे विलक्षण होते. पेशाने कायदेपंडित, तरुणपणी उंच उडीत देशाचा अजिंक्यवीर, १९५० ते १९५६ च्या दरम्यान पाच वेळा पंतप्रधान. उंच, टक्कल पडलेला, जाड काळ्या चौकटीचा चष्मा घालणारा हा गृहस्थ १९४० मध्ये रशियाशी तह करण्याच्या विरुद्ध होता. पुढे त्याचे मत बदलले, आणि बदलले ते इतके की पासिकिवीची नीती आपल्याइतकी दुसऱ्या कोणालाच कळत नाही असे त्याला वाटू लागले. मुत्सद्द्यांच्या अंगी हा दोष पुष्कळदा दिसतो. नीती देशाची असते. पण ती फार दिवस एकाच्या हातात राहिली म्हणजे त्याला ती आपली मालमत्ता वाटू लागते.

१९५८ साली एक रंगीत तालीम झाली. निवडणुकीनंतर फागेरहोल्म यांनी पाच पक्षांचे मंत्रिमंडळ बनविले. त्यांच्या पक्षाचे पुढारी व्हाइनो टान्नर हे मॉस्कोच्या डोळ्यांत सलत होते. युद्धाला जबाबदार म्हणून त्यांना खटला भरून तुरुंगातही टाकण्यात आले होते. मॉस्कोने काय केले? सैन्य हलविले नाही, धमकीचा एक शब्द लिहिला नाही. वकील निरोपाची भेटसुद्धा न घेता हेलसिंकीहून निघून गेला आणि त्याच्या जागी नवा आला नाही. व्यापाराची बोलणी थांबली, कर्जाची बोलणी थांबली. घरात कोणी भांडत नाही, फक्त अबोला धरून बसते, तेव्हा जशी अवस्था होते तशी ती होती. या प्रकाराला 'रात्रीचे हिंव' असे नाव ख्रुश्चेव्ह यांनी दिले. कोवळे पीक एका रात्रीच्या गारठ्याने करपून जावे, तसे ते मंत्रिमंडळ डिसेंबरात कोसळले. जनतेने निवडलेल्या संसदेचा त्याला पाठिंबा होता. त्याचा उपयोग झाला नाही. केक्कोनेन यांनी ते वाचविण्यासाठी बोट हलविले नाही, ही गोष्ट त्यांचे विरोधक विसरले नाहीत.

विरोधकांनी ठरविले की १९६२ मध्ये या माणसाला पाडायचेच. समाजवादी लोकशाही पक्ष आणि उजवीकडचा राष्ट्रीय पक्ष ही एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी एकत्र आली, काही लहान पक्षही त्यांना मिळाले, आणि ओलावी होंका नावाच्या एका निवृत्त न्यायाधिकाऱ्याला त्यांनी उमेदवार म्हणून उभे केले. होंका हे राज्याचे मुख्य न्यायरक्षक राहिलेले, प्रतिष्ठित, निष्कलंक गृहस्थ होते. परराष्ट्रनीतीत आपण काही बदल करणार नाही असे ते सांगत होते. परंतु त्यांच्या पाठीशी टान्नरचा पक्ष उभा होता, आणि मॉस्कोला तेवढे पुरेसे होते. केक्कोनेन यांनाही ही आघाडी हलकी वाटत नव्हती. संसद मुदतीआधी विसर्जित करून तिच्या निवडणुका राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला खेटून घेतल्या, तर एकत्र आलेले हे पक्ष जागांसाठी आपसांत झगडू लागतील आणि आघाडी फुटेल, असा बेत त्यांच्या गोटात १९६१ च्या वसंतातच शिजला होता. हा बेतही लक्षात असू द्या.

आता जगात काय चालले होते ते पाहा. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहू लागली. ऑक्टोबरच्या अखेरीस, २७ आणि २८ तारखेला, त्याच बर्लिनमध्ये अमेरिकन आणि रशियन रणगाडे एकमेकांवर तोफा रोखून उभे होते. ३० तारखेला सोव्हिएत संघाने नोवाया झेमल्या बेटावर सुमारे पन्नास मेगाटन शक्तीचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. मानवाने आजवर केलेला तो सर्वांत मोठा स्फोट. आणि त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी फिनलंडच्या वकिलाला बोलावून तो खलिता दिला. पश्चिम जर्मनी पुन्हा शस्त्रसज्ज होत आहे, डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशी संधान बांधून बाल्टिक समुद्रात हातपाय पसरीत आहे, तेव्हा १९४८ च्या तहाप्रमाणे आपण दोघांनी लष्करी विचारविनिमय सुरू करावा, असा त्याचा आशय होता. झोपलेला शब्द जागा झाला तो असा.

विचारविनिमय या शब्दात भिण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटेल. भिण्यासारखे हे, की एकदा धोका आहे असे फिनलंडने मान्य केले म्हणजे पुढचे पाऊल संयुक्त संरक्षणाचे, त्याच्या पुढचे तळांचे, आणि तळ आला की सैन्य आले. हेलसिंकीत परकी फौज नाही या भांडवलावरच आता हात पडत होता. शिवाय बलाढ्य राष्ट्रांमधले आपले तटस्थपण पश्चिमेकडून नुकतेच कोठे मान्य करून घेतले होते. केक्कोनेन १६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष केनेडींना भेटले होते आणि फिनलंडच्या तटस्थतेची कारणे आपण समजून आहोत, असे अमेरिकेने त्या भेटीच्या संयुक्त पत्रकात म्हटले होते. दोन आठवडे उलटतात तोच हा खलिता!

मौज अशी की खलिता आला तेव्हा केक्कोनेन हवाई बेटांवर विश्रांती घेत होते. देशात लोक धास्तावले होते, आणि राष्ट्राध्यक्ष प्रशांत महासागराच्या काठी पोहत होते. त्यांनी परराष्ट्रमंत्री कार्यालाइनेन यांना तेवढे मायदेशी धाडले आणि स्वतः ठरलेला कार्यक्रम उरकूनच परतले. हा धीर होता, बेफिकिरी होती, की पत्रात काय आहे हे आधीच ठाऊक असल्याची खूण होती, यावर फिनलंडच्या इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. आमच्या मते नुसत्या पोहण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. राष्ट्राध्यक्ष घाबरून विमानाकडे धावला असता तर हेलसिंकीतल्या धास्तीचे रूपांतर घबराटीत झाले असते, हे कोणाही अनुभवी माणसाला कळण्यासारखे आहे.

कार्यालाइनेन ११ नोव्हेंबरला मॉस्कोत ग्रोमिकोंना भेटले. तेथे जे बोलणे झाले त्यात जर्मनीचा धोका मागे पडला आणि फिनलंडच्या अंतर्गत राजकारणाचे नाव पुढे आले. तुमचे धोरण निवडणुकीनंतरही असेच राहील याची खात्री काय, असा प्रश्न निघाला. श्रोतेहो, खलित्याचा खरा पत्ता येथे उघड झाला. पाकिटावर बॉनचे नाव होते, पत्र हेलसिंकीच्या मतदाराला होते.

१४ नोव्हेंबरला केक्कोनेन यांनी संसद विसर्जित केली आणि फेब्रुवारीत निवडणुका लावल्या. वसंतात शिजलेला बेत आता राष्ट्रहिताच्या नावाने अमलात आला. मॉस्कोला दाखवायला हे कारण चांगले होते: पाहा, लवकरच लोकांचा कौल घेऊन खात्री करून देतो. परंतु मॉस्कोचे तेवढ्याने समाधान झाले नाही, विचारविनिमय हवाच असा निरोप आला. मग केक्कोनेन यांनी ख्रुश्चेव्ह यांची प्रत्यक्ष भेट मागितली. ख्रुश्चेव्ह तेव्हा सायबेरियाच्या दौऱ्यावर होते. भेट ठरली नोवोसिबिर्स्क येथे, २४ नोव्हेंबरला.

त्या भेटीत केक्कोनेन यांनी जो युक्तिवाद केला तो मुत्सद्देगिरीच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे. आम्ही तुमची मागणी नाकारतो असे ते म्हणाले नाहीत. आम्हांला तुमची भीती वाटते असेही म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की आपण लष्करी बोलणी सुरू केली तर साऱ्या स्कँडिनेव्हियात युद्धाची हवा पसरेल. नॉर्वे, डेन्मार्क जर्मनीच्या अधिकच जवळ सरकतील, स्वीडनही हलेल, आणि जो धोका टाळण्यासाठी तुम्ही हे करता तोच ओढवून घ्याल. तेव्हा ही बोलणी पुढे ढकला. वादात स्वतःचे हित दुसऱ्याच्या हिताच्या भाषेत मांडणे हीच मुत्सद्द्याची खरी विद्या. ख्रुश्चेव्ह यांनी ते ऐकले. विचारविनिमय लांबणीवर पडला आणि पुन्हा कधी झालाच नाही. बदल्यात फिनलंडने उत्तर युरोपातील व बाल्टिकमधील घडामोडींवर लक्ष ठेवावे आणि जरूर वाटल्यास मॉस्कोला कळवावे, असे ठरले. अमेरिकेने या साऱ्या काळात फार गाजावाजा केला नाही, आणि तसा तो करू नये अशीच केक्कोनेन यांची इच्छा होती. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' म्हणत नदी ओलांडणाऱ्याला काठावरून कोणी 'शाबास रे मर्दा' म्हणून ओरडू नये असेच वाटणार.

त्याच २४ नोव्हेंबरला हेलसिंकीत ओलावी होंका यांनी देशाच्या हितासाठी आपण निवडणुकीतून माघार घेत आहोत असे जाहीर केले. कोणी त्यांना धरून नेले नव्हते, त्यांच्या सभा उधळल्या नव्हत्या, त्यांचा अर्ज बाद झाला नव्हता. साऱ्या लोकशाही रिवाजांना धरून, स्वतःच्या सहीने, त्यांनी आपले नाव मागे घेतले. केक्कोनेन परतले तेव्हा राजधानीच्या लोकांनी त्यांचे वीराप्रमाणे स्वागत केले. परंतु त्या विजयाच्या भाषणातही, शेजाऱ्याला ज्यांच्याविषयी विश्वास वाटत नाही अशा मंडळींनी राजकारणातून बाजूला व्हावे, असे सुचविण्याचा मोह त्यांना आवरला नाही. जानेवारीत मतदान झाले. १५ फेब्रुवारी १९६२ रोजी निर्वाचकांनी मते दिली तेव्हा सहा वर्षांपूर्वी १५१ मतांनी कसाबसा निसटलेला उमेदवार पहिल्याच फेरीत १९९ मते घेऊन निवडून आला.

आता मूळ वादाकडे वळू. खलिता कोणी मागविला का? हन्नु राउत्कल्लिओ यांच्यासारख्या इतिहासकारांनी असा पक्ष मांडला, की हे सारे नाटक केक्कोनेन यांना निवडून आणण्यासाठी रचलेले होते आणि त्यांनाही त्याची कल्पना होती. केक्कोनेन यांचे चरित्रकार युहानी सुओमी यांनी तो आरोप खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते खलित्याचे मूळ बर्लिनच्या पेचात आणि रशियन सेनाधिकाऱ्यांच्या चिंतेत आहे. हेलसिंकीतल्या बहुतेक मोठ्या पुढाऱ्यांचा सोव्हिएत वकिलातीत एकेक ओळखीचा माणूस असे. त्याला लोक गमतीने 'घरचा रशियन' म्हणत. अशा घरच्या रशियनाच्या कानात कोणी काय कुजबुजले हे कागदपत्रांतून पुरते निघणे कठीण. दोन्ही बाजूंचे वाचून आमचे मत असे झाले आहे, की एका खलित्याने दोन पक्षी मारण्याची संधी दिसल्यावर मॉस्कोने ती सोडली नाही. बर्लिनच्या वेळी नाटो राष्ट्रांना उत्तरेकडे एक चिमटा काढायचा होता, आणि हेलसिंकीत आपला खात्रीचा माणूस ठेवायचा होता. यासाठी केक्कोनेन यांनी पत्र मागविले असण्याची गरज नाही. आलेल्या पत्राचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला, एवढे मात्र निर्विवाद.

आणि हा उपयोग निर्दोष होता का? मराठी माणसाला येथे वसईचा तह आठवल्यावाचून राहणार नाही. १८०२ साली होळकरांकडून हार खाल्लेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला, ३१ डिसेंबरला वसईस सही केली आणि पुढल्या मे महिन्यात इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात पुण्याच्या गादीवर येऊन बसला. घरातला प्रतिस्पर्धी परक्याच्या जोरावर हटविला की परका परत जात नाही, हे त्याला पुढे कळले. केक्कोनेन यांचे टीकाकार त्यांना याच माळेत बसवितील. आम्ही तसे करणार नाही, कारण बाजीरावाने फौज आत आणली आणि केक्कोनेन यांनी ती बाहेर ठेवली. फरक लहान नाही. तरीही प्रतिस्पर्धी हटला तो शेजाऱ्याच्या डोळे वटारण्याने, ही गोष्ट उरतेच. आणि उरलेली ही गोष्ट पुढे वीस वर्षे व्याज घेत राहिली.

ते व्याज कसे भरले गेले ते थोडक्यात सांगतो. केक्कोनेन यांच्याशिवाय मॉस्कोशी कोणाचे जमत नाही, असा समज देशात दृढ झाला आणि तो मोडण्यात त्यांना रस नव्हता. १९७३ साली तर निवडणूकच नको म्हणून संसदेने खास कायदा करून त्यांची मुदत चार वर्षांनी वाढविली. अशा कायद्याला पाच-षष्ठांश बहुमत लागे. तेही १७० विरुद्ध २८ असे मिळाले. युरोपीय सामायिक बाजारपेठेशी व्यापारी करार करायचा आहे, त्याने मॉस्को बिथरू नये म्हणून जुनाच खात्रीचा माणूस राहू द्या, असे समर्थन होते. उजवीकडचा राष्ट्रीय पक्ष १९७९ च्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आला, तरी १९६६ पासून १९८७ पर्यंत त्याला एकाही मंत्रिमंडळात घेतले गेले नाही. का, असे विचारले तर उत्तर मिळे: 'सर्वसाधारण कारणांमुळे'. ती कारणे कोणती हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारीत नव्हते. सोल्झेनित्सिन यांच्या रशियन छळछावण्यांवरील ग्रंथाचा फिन्निश अनुवाद १९७४ मध्ये आधी स्वीडनमध्ये छापावा लागला. कायद्याने बंदी नव्हती. प्रकाशकालाच नको वाटले. पश्चिम जर्मनीतल्या राजकीय चर्चेत या अवस्थेला 'फिनलंडीकरण' असे खोचक नाव मिळाले. ते नाव फिनलंडच्या लोकांना फार झोंबले, आणि आमच्या मते त्यात काहीसा अन्यायही होता. ज्यांच्या दाराशी रणगाडे नव्हते त्यांनी ज्यांच्या दाराशी होते त्यांना कण्याच्या गोष्टी सांगणे सोपे आहे. या सगळ्या काळात फिनलंडमध्ये गुप्त मतदान होत होते, न्यायालये स्वतंत्र होती, शेतकरी आपल्या शेताचा मालक होता. प्राग, बुडापेस्ट किंवा वॉर्सा येथल्या माणसाने हेलसिंकीच्या माणसाशी जागा बदलायला क्षणाचाही विलंब लावला नसता.

केक्कोनेन प्रकृती खालावल्यामुळे १९८१ च्या ऑक्टोबरात पायउतार झाले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते त्या खुर्चीत होते. मग लोकांनी हळूहळू, कोणताही गाजावाजा न करता, घटनेची डागडुजी सुरू केली. एका माणसाने सलग दोनच वेळा राष्ट्राध्यक्ष व्हावे असा नियम झाला. निर्वाचक गेले आणि १९९४ मध्ये पहिल्यांदा सारी निवड लोकांच्या थेट मतांनी झाली. २००० साली अमलात आलेल्या नव्या घटनेने परराष्ट्रनीतीचे अधिकारही एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे ठेवले नाहीत, ते मंत्रिमंडळाबरोबर वाटून दिले. दरम्यान १९९१ मध्ये सोव्हिएत संघच नाहीसा झाला, १९४८ चा तह पुढल्या वर्षी संपुष्टात आला, आणि १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेले. तरी लष्करी गटांपासून दूर राहण्याची जुनी सवय त्यांनी आणखी सत्तावीस वर्षे मोडली नाही. ती मोडली २०२२ मध्ये, रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्यावर. २ एप्रिल २०२३ रोजी फिनलंडमध्ये संसदेची निवडणूक झाली, पंतप्रधानांच्या पक्षाला पहिला क्रमांक राखता आला नाही, आणि दोनच दिवसांनी, ४ एप्रिलला, तो देश नाटोचा एकतिसावा सभासद झाला. निवडणुकीत पहिला आला तो तोच राष्ट्रीय पक्ष, ज्याला 'सर्वसाधारण कारणांमुळे' एकवीस वर्षे दाराबाहेर उभे केले होते. रशियाशी त्या देशाची सरहद्द आजही तेराशे किलोमीटरहून अधिक लांब आहे.